एकतीस मॉडेलं आणि हौदाचा कठडा

मोटारसायकल घ्यायची ठरल्यावर मी आधी वही घेतली. दोनशे पानी. सगळी नोकरी वडगाव निंबाळकरच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून गेली. रकाने आखल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट समजल्यासारखी वाटत नाही, आणि आखल्यावर समजली आहे याचीही खात्री नसते. दीड महिन्यात त्या वहीत एकतीस मॉडेलं झाली. इंजिन, वजन, ॲव्हरेज, टाकी, चाकं, ब्रेक. एकाच गाडीचे पाच-पाच अवतार होते. एकाला डिस्क ब्रेक, एकाला साधा. एकाला फोन जोडता येतो, एकाला येत नाही. एक काळी आणि दुसरी मॅट काळी. या दोन काळ्यांतला फरक कळावा म्हणून मी बारामतीतल्या एका शोरूमच्या काचेबाहेर अर्धा तास उभा होतो. आत जायचा धीर झाला नाही.

एक रकाना मात्र आखायचा राहिला होता. तो कुठला हे सांगण्याआधी गाडी कशासाठी हवी होती ते सांगायला हवं.

माझी पत्नी द्वारकाबाई पळसदेवची. तिची थोरली बहीण सरूबाई माहेरच्याच गावात दिलेली, अजून तिथंच राहते. सरूबाई आता शहात्तरची आहे आणि तिला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, हातवारे करूनच बोलावं लागतं. दर वर्षी चैत्रात या दोघी पळसदेवला मिळून कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवायचा. एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं घाटायचं. एकटीनं केलं तर गुठळ्या होतात. पन्नास वर्षांत हा नेम दोनदाच चुकला. एकदा आमच्या छकुलीच्या जन्माच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून द्वारकाच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं. आता ती चालते, घरातलं सगळं करते, पण तो गुडघा अर्ध्याच्या पुढं वाकत नाही. आणि तिला बंद गाडी लागते. एसटी असो की कार, पोटात ढवळतं. छकुलीनं पुण्याहून खास आपली कार आणली होती, ती आमच्या जळोची गावाच्या बाहेर पडल्यापडल्या परत फिरवावी लागली. पूर्वी आमची एक मोपेड होती. तिच्यावर मागं आडवं बसून द्वारका पंचवीस वर्षं सगळीकडं फिरली. दीड वर्षापूर्वी मोपेडचे पार्ट मिळेनासे झाले आणि ती भंगारात गेली. शेजाऱ्यांच्या स्कूटरवरही बसवून पाहिलं. लहान चाकं, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता. पहिल्याच खड्ड्यात तिनं माझा खांदा असा धरला की मी आपणहून गाडी वळवली.

माघ महिन्यात एकदा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "यंदा बी गेले न्हाय तर सरूला वाटंल, ही आता यायचीच न्हाय."

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मी दुसऱ्या दिवशी वही आणली.

माझा पुतण्या रणजित वडगावला असतो. गाई आहेत, दूध घालतो. त्याला गाड्यांचं अतोनात वेड. घरात बसून तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं मॉडेल आवाजावरून सांगतो, साल सुद्धा. स्वतः मात्र वडिलांच्या वेळची शंभर सीसीची जुनी गाडी चालवतो, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायची लोखंडी चौकट असलेली. शोरूममध्ये तोच मला घेऊन गेला.

"तात्या, वही खिशात ठिवा," तो दारातच म्हणाला. "तिथली पोरं हसत्यात."

"अरे पण तुलना—"

"तुलना माझ्या डोक्यात हाय. तुमी फक्त मान हलवा."

ऋषिराज नावाचा टाय लावलेला तरुण पुढं आला. त्यानं चहा मागवला. "सर, आपली रायडिंग स्टाईल कशी आहे?" त्यानं विचारलं.

मी विचार करून म्हणालो, "हळू."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मग तासभर तो आणि रणजित बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. मागं कोण बसणार हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अनोळखी मुलासमोर पत्नीच्या गुडघ्याचा विषय कसा काढायचा, हे मला सुचेना. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा चहा आला. तिसऱ्या चहानंतर कुणाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. माझ्या वहीतलं चौदाव्या क्रमांकाचं मॉडेल आम्ही घेतलं. मॅट काळं.

गाडी दारात आली. रणजितनं हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. द्वारकानं हळदकुंकू लावून ओवाळलं. चारी बाजूंनी गाडी बघितली आणि मागच्या सीटवर हात ठेवून ती थांबली. ती सीट तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिली. पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच, अरुंद, विंचवाच्या नांगीसारखी वर गेलेली.

"बसा काकू," रणजित म्हणाला, "एक फेरी मारून आणू द्या तात्यांना."

तिनं चौरंग आणला. त्यावर चढून, माझ्या खांद्याला धरून ती कशीबशी सीटच्या कडेला टेकली. उजवा पाय कुठं ठेवायचा ते सापडलं, डावा सापडेना. पाय ठेवायची पट्टी इतकी वर होती की गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढा तो वाकतच नव्हता. तो पाय तसाच हवेत, समोर, काठीसारखा. ती क्षणभर तशी बसली आणि उतरली.

"ही गाडी हाय व्हय?" ती म्हणाली. "हा तर माळा हाय. संगं शिडी पण घ्यायची की."

रणजित हसला, मी हसलो, तीही हसली. मग ती आत गेली. दोन दिवसांपूर्वी तिनं धुवायला म्हणून कुरडयांचा सोऱ्या माळ्यावरून काढला होता. तो परत वर ठेवल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

एकतीस मॉडेलं मी पाहिली होती, आणि मागच्या सीटचा रकाना आखला नव्हता. तिला एकदाही सोबत नेलं नव्हतं. दीड महिना मी कुणासाठी वाचत होतो, कोण जाणे.

रणजितलाही तो आवाज ऐकू आला असावा. तो दोन दिवसांनी आपली दुधाची गाडी घेऊन सकाळीच आला. "तात्या, काढा ती नवी. झुंबरकडं जाऊ."

झुंबरचं गॅरेज आमच्याच जळोचीत, भिगवणच्या रस्त्याकडं जाताना. पाटी नाही. दुधाच्या कॅनच्या चौकटी, वैरणीचे कॅरियर, भाजीवाल्यांच्या क्रेट बसवायच्या जाळ्या हे सगळं तो वेल्डिंगनं करून देतो. एका पायानं अधू असलेल्या माणसाला त्यानं मागं तिसरं चाक लावून दिलेलं मी पाहिलं होतं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर. मी शिक्षक नव्हतो हे त्याला ठाऊक आहे, तरी तो मला गुरुजी म्हणतो.

त्यानं नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, बोटानं दोन ठिकाणी टकटक केलं.

"गाडी झ्याक हाय गुरुजी. पर ही पूर्ण झालेली गाडी हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मला हिच्यात हात घालायला जागाच न्हाय. सगळं प्लास्टिकनं झाकलेलं. काय जोडायचं तर जोडू कशाला? मला उघडी गाडी आणा. साधी. जिचा सांगाडा दिसतुय." एवढं बोलून त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि रणजितच्या गाडीकडं बघितलं. "ही हाय की."

"ही?" रणजित म्हणाला. "हिचा इंडिकेटर पण धड लागत न्हाय."

"गुरुजींना कुठं वळायचंय एवढं? सरळ जायचंय पळसदेवला."

रणजित माझ्याकडं न बघता, नव्या गाडीच्या टाकीवरची धूळ बाहीनं पुसत म्हणाला, "तात्या, म्हंजे मग ही..."

"ती तू चालव," मी म्हणालो. "तुझी आम्हाला दे."

"तसं नको वाटतंय मला."

"दुधाचं काय होईल तेवढं सांग."

"दुधाचं काय न्हाय, डेअरीचा टेम्पो आता वस्तीवर येतोय. पर काकू काय म्हणतील? पुतण्यानं नवी गाडी लाटली म्हणतील." असं म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की झुंबरनं मान फिरवून हसू लपवलं.

"आता मापं आणा," झुंबर म्हणाला. "वहिनींची."

माझे कान तापले असावेत, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "शिंप्यासारखी न्हाय हो गुरुजी! घाबरू नका. वहिनी घरात पाय मोकळा सोडून आरामात कुठं बसतात, त्या जागेची उंची आणा. जमिनीपासनं. सीट आन् पाय ठिवायची पट्टी, यांच्यात तेवढंच अंतर मी ठिवतो. मग गुडघ्याला कळणार पण न्हाय, आपण गाडीवर हाय का घरात."

मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत आठवत राहिलो. द्वारका आरामात कुठं बसते? बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक हातात धरून तिच्यामागं घरभर फिरलो. वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. लोखंडी कॉट, वीस इंच. पण तिथं ती टेकते, बसत नाही, दोन मिनिटांत उठते. उंबरा, सात इंच. तिथं चहा पिते, पण डावा पाय लांब पसरावा लागतो आणि उठताना दाराला धरते. खुर्चीवर ती बसतच नाही, फक्त पाहुणे आले की बसते, अवघडून. दुपारपर्यंत माझ्याकडं पाच जागा झाल्या आणि एकही आरामाची नव्हती.

संध्याकाळी तिनंच विचारलं, "बरं न्हाय का तुमाला? सकाळपासनं माग-माग फिरताय."

"नाही, असंच."

"पुस्तक उलटं धरलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचायला पुढच्या ओट्यावर न जाता मागच्या दारी गेलो. सकाळी सात वाजता नळाला पाणी येतं. परसात शेवग्याखाली हौद आहे. पाइप हौदात सोडून द्वारका हौदाच्या कठड्यावर बसली होती. पाठ ताठ नाही, खांदे सैल, दोन्ही हात मांडीवर. पाण्याचा आवाज ऐकत ती शेवग्याकडं बघत होती. हौद भरायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं ती हलली नाही. त्या वेळी मी रोज पुढच्या दारी जगाच्या बातम्या वाचत असतो.

ती आत गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून पट्टी लावली. एकोणीस इंच.

"काय मोजताय?"

ती दारातच उभी होती. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण लवकर सुचत नाही. मी झुंबरचं सगळं सांगितलं.

"दोन दिस हे चाललंय व्हय?" ती म्हणाली. "मला इचारायचं की!"

"विचारणारच होतो."

"कवा? गाडी झाल्यावर?" ती पुढं आली. "आन् हे चुकलंय. ही इट दिसली न्हाय का तुमाला?"

कठड्याच्या पायाशी एक वीट होती. मला ती दिसली होती, पण वीट कुठंही असते. ती पुन्हा कठड्यावर बसली आणि दाखवलं. डावा पाय खाली जमिनीवर, जेमतेम वाकलेला. उजवा विटेवर.

"ह्यो पाय खाली लागतो आन् ह्यो वर. दोनी सारखे ठिवले की कंबर भरून येती. सांगा तुमच्या झुंबरला." जरा थांबून म्हणाली, "लिवा की. इटेची उंची लिवा."

मी लिहिली. तीन इंच.

झुंबरनं ती वही दोन्ही हातांनी धरून वाचली, पुढची एकतीस मॉडेलं सुद्धा चाळली. "बापरे," एवढंच म्हणाला. मग मागच्या पानावर बोट ठेवलं. "दोन पायांना दोन पट्ट्या. एक तीन इंच वर. हे काय शोरूममदी मिळायचं न्हाय, गुरुजी. एकतीस नव्हं, एकतीसशे बघितली तरी." त्यानं रणजितच्या गाडीच्या डाव्या बाजूची कॅनची चौकट गॅसनं कापली आणि त्याच अँगलच्या दोन पायऱ्या करायला घेतल्या. सीटचा फोम काढून ती सपाट, रुंद करायची, मागं हाताला आधार म्हणून नळीचा कठडा लावायचा. "सोमवारी नेता येईल," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर मोठ्या पातेल्यात गहू भिजत होते. पाच किलो तरी असतील. द्वारका भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही काही विचारलं नाही. गहू भिजले म्हणजे शनिवारी वाटले जाणार, रविवारी सकाळी चीक शिजायलाच हवा. चीक थांबत नाही, आंबतो. ज्या गाडीवर ती अजून बसली नव्हती, जी अजून उभीही राहिली नव्हती, तिच्या भरवशावर तिनं गहू भिजवले होते. की माझ्या? तो विचार मला फार वेळ करवला नाही. चप्पल घालून मी झुंबरकडं गेलो.

"झुंबर, सोमवारी चालणार नाही."

"का हो? कारखान्याच्या मुकादमाची ट्रॉली आलीय, तिचा हूक—"

"गहू भिजलेत."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कवा?"

"आज सकाळी."

"मग हे आधी सांगायचं का न्हाय राव!" तो उठला आणि ट्रॉलीशी उभ्या असलेल्या माणसाला ओरडून म्हणाला, "दादा, तुमचं आता सोमवारी. गुरुजींचे गहू भिजलेत." त्या माणसानं नुसती मान डोलावली आणि ट्रॅक्टर बाजूला घेतला.

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत गाडी आली. दिसायला ती कशासारखीच नव्हती. पुढून दुधाची गाडी, मागून बाकडं, डावीकडं दोन पायऱ्यांचा जिना, उजवीकडं कॅनची चौकट जशीच्या तशी. शेजारच्या शिवमनं तिचा फोटो काढला. रणजित आपल्या मॅट काळ्या गाडीला टेकून उभा होता. "तात्या, ह्या मॉडेलचं नाव काय?"

"नाव राहू दे," द्वारका म्हणाली, "सरक बाजूला."

चौरंग लागला नाही. खालच्या पायरीवर डावा पाय, वरच्या पायरीवर उजवा, आणि ती बसली. उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा मागच्या नळीवर. मी आरशातून तिचे खांदे बघितले. कठड्यावर असतात तसे नव्हते, पण आखडलेलेही नव्हते. गाडी मात्र तिच्या बाजूला कलली. मी घाबरून दोन्ही पाय टेकले.

"कलणारच," झुंबर म्हणाला. "उजवीकडं दहा-बारा किलो टाका. म्हणूनच ती चौकट ठिवलीय. दगड टाका न्हायतर रेतीचं पोतं."

"दगड कशाला?" द्वारका वरून म्हणाली. "चीक न्यायचाच हाय की. कॅनमदी भरते."

झुंबरनं चष्मा कपाळावर सरकवला. "वहिनी, तुमी आधी यायला पायजे हुतं गॅरेजला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "गुरुजी, एकच लक्षात ठिवा. डावीकडं वळताना गाडी झोपवायची न्हाय, पायरी घासंल."

आयुष्यात मी कुठलीच गाडी झोपवलेली नाही, हे मी त्याला सांगितलं.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. उजवीकडं दुधाच्या कॅनमध्ये निवळलेला चीक, झाकणाला फडकं बांधून. त्याच्याजवळ पिशवीत सोऱ्या. रणजित सोबतीला भिगवणपर्यंत येतो म्हणाला आणि नव्या गाडीवरून मागून येऊ लागला. पस्तीसच्या वर मी गेलो नाही. कॉलेजची मुलं, दुधाचे टेम्पो, एक उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. दर पाच मिनिटांनी रणजित बाजूला येऊन म्हणायचा, "तात्या, जरा मूठ पिळा की! ही गाडी एवढ्या हळू चालवायची म्हंजे हिचा अपमान हाय."

"जा तू पुढं," द्वारका म्हणायची. "आमाला चीक फेसायचा न्हाय."

भिगवणला चहा पिऊन तो परत फिरला. जाताना त्याच्या गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू आला. हायवेवर मी कडेकडेनं चालवत होतो. मोठ्या गाड्या गेल्या की वाऱ्यानं कॅन हलायचा. द्वारका मात्र बोलत होती. सबंध रस्ता. वाऱ्यामुळं मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मी "हं" म्हणत होतो. मोपेडवर असताना ती अशीच बोलायची, हे मी विसरून गेलो होतो. एका खड्ड्यात गाडी आदळली.

"गुडघा?" मी ओरडलो.

"काय न्हाय. चिकाकडं बघा."

पळसदेवला पोचलो तेव्हा सरूबाई दारात भांडी घासत बसली होती. गाडीचा आवाज तिला ऐकू आला नाही. सावली पडली तशी तिनं वर बघितलं. आधी माझ्याकडं, मग द्वारकाकडं, मग त्या पायऱ्यांकडं आणि फडकं बांधलेल्या कॅनकडं. द्वारका एक पायरी, दुसरी पायरी उतरली आणि समोर उभी राहिली. सरूबाईचे हात राखेनं भरलेले होते. तिनं त्याच हातांनी बहिणीचे दोन्ही दंड धरले आणि खूप मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं विचारलं, "चीक आंबला न्हाय न्हवं?"

द्वारकानं मान हलवली. मग दोघी आत गेल्या आणि कॅन उचलून आणायचं काम मला राहिलं.

चूल परसात पेटली. द्वारका पाटावर, पाय लांब करून, चीक ओतत होती. सरूबाई उभ्यानं दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होती. एकमेकींकडं न बघता त्यांचं चाललं होतं. एकीचा हात थांबला की दुसरीची धार थांबायची. मध्येच एका वाटीत गरम चीक, वर साखर आणि तेलाची धार, माझ्यापुढं आला. तो खाऊन होताच मला गच्चीवर कावळे हाकायला बसवण्यात आलं. सरूबाई मधून मधून वर येऊन सोऱ्यानं घालून जायची, तशा उन्हात लुगड्यावर कुरडयांच्या ओळी वाढत होत्या. सोबत पुस्तक नेलं होतं. एक पान झालं असेल. खालून सरूबाईचा मोठा आवाज आणि द्वारकाचं हसणं येत होतं. ती हातवारे करून काय सांगत होती ते मला दिसत नव्हतं, पण एकदा सरूबाई ओरडली, "हौद मोजला? त्यांनी?" आणि मग दोघींचं हसणं बराच वेळ थांबलं नाही.

चारच्या सुमाराला मी निघायचं बघू लागलो. अंधारात हायवेवर चालवणं मला जमणार नव्हतं. गाडी दारात वळवून उभी केली. रिकाम्या कॅनमध्ये वजनासाठी पाणी भरलं. द्वारका बाहेर आली, खालच्या पायरीवर पाय ठेवला, आणि थांबली.

"न्हाय चढवत," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"दिसभर पाटावर बसले न्हवं. गुडघा धरलाय." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "सकाळी कसं हलकं हुतं. आता पाय उचलंना."

वहीत मी दिवसभराच्या कामानंतरचं माप लिहिलंच नव्हतं. झुंबरनं पायरी बनवली ती सकाळच्या गुडघ्यासाठी. जायचं एवढंच डोक्यात होतं. यायचं कसं, हे मी मोजलंच नव्हतं. मी तिला तसं सांगू लागलो, की चूक माझी आहे, की उद्या झुंबरला विचारून आणखी एक पायरी—

"अवो, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता घाई काय करायची? मी ऱ्हाते हितं. कुरडया बी वाळायला पायजेत. गुरुवारी या न्यायला. सकाळचं या."

"चार दिवस?"

"डब्यात चटणी हाय. भाकरी रणजितच्या घरनं येईल, मी सांगून ठिवलंय त्याला."

सरूबाईनं तिच्या ओठांकडं बघून काहीतरी ओळखलं असावं, कारण ती काहीही न विचारता आत गेली आणि अंथरुणाची आणखी एक वळकटी बाहेर उन्हात टाकली.

मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी एक बैलगाडी आडवी होती म्हणून थांबलो आणि आरशात बघितलं. सरूबाईच्या घराची गच्ची दिसत होती. तिचा जिना बाहेरून आहे, दगडी, उंच पायऱ्यांचा, धरायला काही नाही. आणि वर द्वारका उभी होती. एका हातानं पदर खोचत, वाकून, कुरडया उलटत होती. मागून सरूबाई अजून जिन्याच्या मध्यावरच होती आणि तिला अगं हळू म्हणून ओरडत होती.

हाक मारावीशी वाटली. पण मी हाक मारली असती तर तिला गुडघा पुन्हा धरावा लागला असता. बैलगाडी पुढं गेली तसा मी गिअर टाकला.